‘पार्किंग’ हे नाम कसे?

सीताबर्डीवर ‘नो पार्किंग’ची पाटी आपण नेहमी पाहतो. ‘पार्किंग’ निघाले क्रियापदातून, पण वागते नामासारखे. म्हणून तर त्याच्याआधी ‘नो’ लागतो. इंग्रजीत याला जेरंड म्हणतात, मराठीत धातुसाधित नाम: वाचणे, पोहणे, भेटणे. उर्दूतला मसदर, म्हणजे पढना-लिखना, याच घरातला.

अडचण एवढीच की इंग्रजीचा ‘इंग’ दोन कामे करतो. ‘ही इज स्विमिंग’मध्ये तो पोहत आहे, ‘स्विमिंग इज गुड’मध्ये पोहणे चांगले. मराठीने ही कामे ‘त’ आणि ‘णे’ यांना वाटून दिली.

तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलांनी घाबरू नये, मराठीलाच विचारावे. ‘चहा प्यायला थांबलो’ (आपल्या नागपुरीत ‘प्याले थांबलो’) म्हणजे ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’. ‘चहा पिणे थांबवले’ म्हणजे ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. एकात टपरी गाठली, दुसऱ्यात टपरी सुटली!

नोकरीच्या अर्जात हमखास दिसते ते ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. इथला ‘टू’ शब्दयोगी अव्यय आहे; त्याला नाम हवे, ‘टू मीटिंग यू’. आपणही ‘भेटण्याची वाट पाहतो’ म्हणतो, ‘भेटायला वाट पाहतो’ नाही. मात्र हा ताळा सगळीकडे जुळत नाही. ‘वाचण्यात रस’ म्हणजे ‘इंटरेस्ट इन रीडिंग’, पण ‘वाचण्याची इच्छा’ मात्र ‘डिझायर टू रीड’. अशा जागा पाठच कराव्या लागतात.