मेकॅनिकलवाल्यांचं चंद्रावर काय काम?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर होता. त्यानंतर काही दिवसांतच दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाने जाहीर केलं की या मोहिमेच्या टीममध्ये आपले तीन माजी विद्यार्थी आहेत. तिघेही मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे आणि तिघेही २०१९ सालच्या एकाच बॅचचे!

आपल्या घरांमध्ये बातमी कौतुकाने फॉरवर्ड झाली. पण मुलीने किंवा मुलाने मेकॅनिकल घेतो म्हटलं की लगेच ऐकू येतं, "त्यात काय आहे? कॉम्प्युटर घे." गॅरेज आणि कारखाना यापलीकडे या शाखेचं चित्रच आपल्यासमोर नसतं. म्हणून थोडं समजून घेऊ.

चांद्रयान-२ चा विक्रम लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये उतरताना कोसळला. पुढच्या वेळी इस्रोने सॉफ्टवेअर, इंजिनं बदललीच, पण लँडरचे पायही मजबूत केले. आधीचा लँडर सेकंदाला २ मीटर वेगाने टेकण्यासाठी बनवला होता. नव्याला ३ मीटरचा, म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटरचा धक्का सोसायचा होता. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाय जाड केले तर वजन वाढतं, वजन वाढलं की इंधन जास्त लागतं. आणि पाय कडक केले तर धक्का थेट आतल्या यंत्रांना बसतो. हा हिशोब मेकॅनिकलचा. उष्णतेचाही तसाच. चंद्रावर दिवसा पारा शंभर अंशांच्या वर जातो, रात्री उणे शंभराच्याही खाली. त्यात यंत्रं टिकवायची, तर उष्णता कुठून येते आणि कुठे जाते हे गणिताने सोडवावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला मुलं ज्या 'हीट ट्रान्सफर'च्या पेपरला घाबरतात, तोच हा विषय.

आता त्या तिघांच्या यशातला बातमीत न दिसलेला भाग. डिग्री २०१९ ला हातात आली. इस्रोच्या केंद्रीय भरतीची लेखी परीक्षा जानेवारी २०२० मध्ये झाली. मग लॉकडाऊन लागलं. अंतिम निकाल लागला सप्टेंबर २०२१ मध्ये! डिग्रीनंतर दोन वर्षं. आपल्याकडे असा मुलगा घरी बसला की सहा महिन्यांत शेजारीपाजारी विचारायला लागतात, आणि अब्बांना मशिदीच्या दारात उत्तर देणं जड जातं. माझ्या मते कुठल्याही क्लासच्या फीपेक्षा हा काळ निभावून नेणं घरासाठी अवघड असतं. प्रत्येकाला ते परवडेल असंही नाही. नोकरी करत तयारी करणारेही पुष्कळ असतात.

इस्रोच्या त्या भरतीसाठी बी.ई. किंवा बी.टेक.ला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए लागत होता. लेखी परीक्षा, मग मुलाखत. म्हणजे पहिल्या वर्षापासूनचे मार्क मोजले जातात. "शेवटच्या वर्षी बघू" हे इथे चालत नाही.

कॉलेजमध्ये असताना बाहा एसएईसारख्या स्पर्धा असतात. त्यात विद्यार्थी खडकाळ रस्त्यावर धावणारी एक सीटची गाडी स्वतः डिझाइन करतात, वेल्डिंग करतात, खर्चाचा हिशोबही मांडतात. मुलगी अशा टीममध्ये असेल तर वर्कशॉपमधून उशिरा घरी येणार, हे आधीच ठरवून घ्या. परत येण्याची सोय करा, पण टीम सोडायला लावू नका.

प्रवेशाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जामियात बी.टेक.चा प्रवेश जेईई मेनवरून होतो, पण जामियाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. जेईईचा स्कोअर असून हा फॉर्म भरला नाही, तर जागा मिळत नाही. अलिगढची प्रवेश परीक्षाच स्वतंत्र आहे. आणि दिल्लीला पाठवणं जमत नसेल, तर सीईटीवरून आपल्या राज्यातही मेकॅनिकल आहेच. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांना थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.