खुलताबाद : दूरून आलेल्यांचे गाव

रमजानमध्ये उमऱ्याला गेलेली माणसे मदिनेत पोहोचली की जन्नत-उल-बकी या कब्रस्तानात जाऊन येतात. प्रेषितांच्या घरातली आणि त्यांच्या सोबत्यांपैकी कितीतरी माणसे तिथे विसावली आहेत. मात्र नाव शोधायला गेले तर सापडत नाही. मातीचे उंचवटे, उशाशी एखादा बिननावाचा दगड, बस्स. जन्नत म्हणजे स्वर्ग.

स्वर्गाचेच नाव लावणारे एक गाव आपल्याकडेही आहे. वेरूळच्या लेण्यांजवळचे खुलताबाद. 'खुल्द' म्हणजेही स्वर्ग, कायमचा. पूर्वी या गावाला रौजा म्हणत. औरंगजेबाला मृत्यूनंतर 'खुल्द-मकान' ही उपाधी मिळाली, त्यावरून नाव बदलले.

हल्ली गावाचे नाव निघते ते त्या एका कबरीवरून. १७०७ मध्ये अहमदनगरला वारलेल्या बादशहाची ती कबर शेख जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली आहे. तिच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांना बोलू द्यावे; खुलताबाद त्या कबरीपेक्षा साडेतीनशे वर्षांहून अधिक जुने आहे.

मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा दिल्लीचे सुफीही इकडे आले. हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुर्हानुद्दीन गरीब हे त्यांतले मोठे नाव. इथला 'गरीब' मराठीतला नव्हे. अरबीत गरीब म्हणजे परदेशी, घरापासून दूर आलेला. तापीकाठचे बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावाने वसले. १३३७ मध्ये ते वारले आणि दूरून आलेला हा माणूस कायमचा दख्खनचा झाला. सोलापुरातून गुलबर्ग्याच्या बंदेनवाजांच्या उरुसाला जाणाऱ्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे. बंदेनवाजांचे वडील सय्यद यूसुफ, म्हणजे शाह राजू कत्ताल, खुलताबादेतच आहेत.

गावाबाहेर मलिक अंबरचा घुमट आहे. हबशी आईबापांचे लेकरू, गुलाम म्हणून विकले गेले, बाजार बदलत दख्खनमध्ये पोहोचले आणि निजामशाहीचा वजीर झाले. खडकी शहर त्याने वसवले, जमिनीखालून नळ टाकून तिथे पाणी खेळवले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. अंबर १६२६ मध्ये वारला. मोगलांशी त्याने हयातभर झुंज दिली, आणि आज मोगल बादशहा त्याचा शेजारी आहे. दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत दिवस काढलेला गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाहही याच गावच्या मातीत आहे. त्याला कैद करणारा औरंगजेबच.

माढ्याच्या वाचकाला जवळची वाटेल अशी कबर बुर्हानुद्दीन यांच्या दर्ग्यात आहे. पहिला निजाम, निजाम-उल-मुल्क आसफजाह. तो १७४८ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला आणि त्याला इथे आणले गेले. राव रंभा निंबाळकर याच निजामाच्या पदरचे मराठा सरदार. करमाळ्याचे कमलाभवानीचे देऊळ त्यांनी बांधले. माढ्याचा किल्ला आणि माढेश्वरीचे मंदिरही त्यांच्याच घराण्याशी जोडलेले. म्हणजे माढेश्वरीच्या पायरीवरून निघालेला धागा खुलताबादच्या दर्ग्यापर्यंत जातो. त्या गावात भद्रा मारुतीचे देऊळही आहे, पहुडलेल्या मूर्तीचे. शनिवारी तिकडे पायी निघालेल्यांची रांग असते आणि वाटेत दर्गे लागतात. कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

शायरांची गोष्ट राहिली. अमीर खुस्रोंचे मित्र, निजामुद्दीन औलियांची वचने 'फवाइद-उल-फुआद' या ग्रंथात टिपून ठेवणारे अमीर हसन सिज्जी दिल्लीहून आले, ते इथेच राहिले. त्यानंतर चार शतकांनी अवधमधल्या बिलग्रामचे गुलाम अली आझाद आले. अरबी-फारसीचे मोठे पंडित. त्यांनी खुलताबादच्या अवलियांवर 'रौजतुल औलिया' हे पुस्तक लिहिले. १७८६ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांनाही याच गावात, हसन सिज्जींच्या जवळ जागा मिळाली.