स्लो स्क्रूच्या पलीकडे

1972 हे साल नगर जिल्ह्याच्या स्मरणात दुष्काळाचं साल म्हणून राहिलं आहे. त्याच साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली. नगर-दौंड रस्त्यावरच्या त्यांच्या कारखान्यात तयार होणारी ही मोपेड इटलीच्या पियाजो कंपनीच्या ‘चाओ’वर बेतलेली होती. 50 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पायडल, आणि गिअरच्या जागी रेस वाढली की आपोआप पकडणारा क्लच, एवढाच तिचा संसार. कर्जत, राशीन, मिरजगावच्या पट्ट्यात दुधाची किटली, पेंडेचं पोतं किंवा वाडीवरच्या शाळेचा मास्तर वाहून नेण्याचं काम अशाच हलक्या गाड्यांनी केलं. लूनाचं उत्पादन थांबलं त्याला बराच काळ लोटला आणि 2024 मध्ये त्याच नावाने विजेवरची ई-लूना आली. टू-स्ट्रोक मात्र कर्जत तालुक्यातून गेलेलं नाही. ते रस्ता सोडून शेतात उतरलं. लिंबाच्या आणि डाळिंबाच्या बागेतला पाठीवरचा पॉवर स्प्रे, बांधावरचं गवत काढणारा ग्रास कटर ही त्याची आजची रूपं. जात तीच, आणि गाऱ्हाणंही तेच: रेसला झकास चालतं, सोडलं की बंद पडतं. माझं म्हणणं असं, की हे गाऱ्हाणं इंजिनाच्या श्वासाचं आहे. आणि ज्या स्क्रूने आपण ते मिटवू पाहतो, तो दुखणं फक्त झाकतो.

आधी या इंजिनाची घडण पाहू. चार स्ट्रोकच्या इंजिनात जळका वायू बाहेर ढकलायला पिस्टनचा एक अख्खा स्ट्रोक राखून ठेवलेला असतो. टू-स्ट्रोकला ती चैन नाही. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात त्याला स्फोट हवा. त्यामुळे जळका वायू बाहेर जाणं आणि ताजं मिश्रण आत येणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, पिस्टन खाली असतानाच्या क्षणभरात उरकाव्या लागतात. खालच्या क्रँककेसमध्ये दाबलेलं ताजं मिश्रण ट्रान्सफर पोर्टमधून वर येतं आणि तेच जळक्या वायूला सायलेन्सरकडे लोटतं. पूर्ण रेसवर हा लोट दांडगा असतो. रेस सोडली की कार्ब्युरेटरची वाट जवळजवळ बंद होते, ताजं मिश्रण चिमूटभर येतं आणि सिलिंडरमध्ये अर्ध्याहून जास्त जुना धूरच कोंडून राहतो. त्या धुरात ठिणगी पडते, पण पेट घेत नाही. पुढच्या फेऱ्यात थोडं आणखी मिश्रण साठतं, कदाचित त्याच्याही पुढच्या फेऱ्यात पेटतं. उभ्या मोपेडचा तो अडखळता, एक ठोका गाळून पडणारा आवाज म्हणजे पेटायचं राहून गेलेले फेरे. त्या फेऱ्यांतलं पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर जातं. म्हणून स्लोला, म्हणजे रेस सोडून इंजिन नुसतं चालू असताना, मिसिंग, धूर आणि पेट्रोलचा वास हे तिघे नेहमी एकत्र भेटतात.

यावरचा सर्रास चालणारा उपाय म्हणजे स्लो स्क्रू आवळणं. वाट थोडी जास्त उघडते, मिश्रण जास्त येतं, इंजिन चालू राहतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. पण ग्रास कटरवर हाच स्क्रू हातापायावर बेतू शकतो. त्याचा क्लचही लूनासारखाच, फेऱ्यांच्या जोराने पकडणारा. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या आसपास स्लोला चालावं आणि क्लचने त्याच्या बऱ्याच वर पकडावं, असा हिशेब असतो. मधलं ते अंतर हीच माणसाची सुरक्षा. स्क्रू आवळत आवळत ते अंतर संपलं, की रेस सोडल्यावरही पातं फिरत राहतं. बांधावर तोल सावरणाऱ्या किंवा पात्यात अडकलेलं गवत सोडवायला वाकलेल्या माणसासाठी याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

स्लो खरोखर सुधारायचा तर पहिला संशय हवेवर घ्यावा. आपले मेकॅनिक ‘गाडी एअर घेतेय’ म्हणतात, त्यात सगळं निदान आलं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंपच असतो. तो एका फेऱ्यात ओढतो आणि दाबतोही. क्रँकचं ऑइल सील कडक झालं, कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग फाटलं किंवा रबरी नळीला चीर गेली, की तिथून चोरटी हवा आत येते. पूर्ण रेसवर इंजिन इतकी हवा घेतं, की या चोरीचा पत्ता लागत नाही. स्लोला मात्र एकूण हवाच थोडी, तेव्हा तेवढीच गळती मिश्रणाचा तोल बिघडवायला पुरते. इंजिन थंड असताना बंद पडतं, तापल्यावर आपोआप चढतं, रेस सोडली तरी लवकर उतरत नाही. याची परीक्षा महाग नाही. पिस्टन पोर्टच्या खाली आणून इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने घट्ट बंद करायचे, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि मीटरवर सहा पौंडांच्या आसपास दाब धरायचा. मिनिटाला एक पौंडापेक्षा जास्त उतरला, तर सीलभोवती, पॅकिंगच्या कडेला साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडा फुगतो, तिथे दुखणं. त्या जागचं स्वस्तातलं सील बदललं, की जो स्लो महिनाभर स्क्रूने जुळत नव्हता, तो स्क्रूला हात न लावता जुळतो.

दुसरा संशय पेट्रोल आणि ऑइलवर. ‘ऑइल थोडं जास्त घातलेलं बरं, इंजिन जपतं’ ही समजूत गावोगाव पक्की आहे आणि तिच्यामागची काळजी खरी आहे; ऑइल कमी पडलेलं टू-स्ट्रोक जाम होतं. पण मिश्रणात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो. शिवाय प्लगच्या टोकावरची काजळी जळून जायला ते टोक साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर तापावं लागतं. स्लोला ते इतकं तापत नाही आणि जास्तीचं ऑइल तिथेच थापलं जातं. ज्या मशीनला जे प्रमाण कंपनीने दिलं, तेवढंच मापाने घालणं हीच खरी जपणूक. तिसरी गोष्ट स्लोच्या जेटची. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. फवारणी संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवून पंप कोपऱ्यात उभा केला, की पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकटा आधी हेच भोक बुजवतो. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. उसाच्या या जिल्ह्याला इथेनॉलचं मोल ठाऊक आहे, आणि त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण निव्वळ पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, या मिश्रणाला 13.5 च्या आसपास. जुन्या पेट्रोलवर लावलेला स्लो त्यामुळे आता थोडा कोरडा पडतो. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. म्हणून हंगामानंतर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करणं आणि मिश्रण जुळवणारा हवेचा स्क्रू नव्याने लावणं, ही कामं आता टाळता येत नाहीत.

इंजिनिअरांनीही या दुखण्याशी मन लावून झुंज दिली आहे. 1979 मध्ये जपानच्या ओनिशी यांनी दाखवलं, की कोंडलेला गरम वायू नीट हाताळला तर हलक्या भारावर मिश्रण ठिणगीशिवाय, एकसारखं पेटू शकतं. होंडाने त्याच वाटेवरचं इंजिन 1995 च्या डकार शर्यतीत उतरवलं. पुढे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारण्याची पद्धत आली. तिच्यात खालून फक्त हवा येते आणि पेट्रोल एक्झॉस्टची वाट मिटण्याच्या सुमारास, प्लगजवळ पडतं. त्यामुळे स्लोचे ठोके गळत नाहीत आणि पेट्रोल वाया जात नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीचं हे तंत्र घेऊन 2007 च्या सुमारास टू-स्ट्रोक रिक्षा बाजारात आणली. म्हणजे हा दोष अटळ नव्हता, हे महाराष्ट्रातल्याच एका कारखान्याने दाखवून दिलं. ग्रास कटरच्या इंजिनात मिश्रणाआधी कोरी हवा सोडण्याची स्वस्त युक्तीही आली, पण तिची हवेची झडप स्लोला बंद असते. स्लो हाच टू-स्ट्रोकचा सर्वांत अवघड मुक्काम, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

यावर कोणी म्हणेल, आता बॅटरीचे पंप आले, चार स्ट्रोकचे छोटे कटर आले, मग या मरणपंथाला लागलेल्या इंजिनाचे लाड कशाला? आक्षेपात तथ्य आहे. नवं यंत्र घेणाऱ्याने ते पर्याय जरूर पाहावेत. पण ज्याच्या पडवीत टू-स्ट्रोक आहे, तो ते उद्या भंगारात घालणार नाही, आणि त्याने घालावं असं सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. रस्त्यावरच्या गाडीची पीयूसी तपासणी नेमकी स्लोलाच होते. 2000 सालानंतरच्या टू-स्ट्रोक दुचाकीला तिथे हायड्रोकार्बनची मर्यादा 6000 पीपीएम आहे, त्याच पिढीच्या चार स्ट्रोकला 4500. कायद्यानेही या इंजिनाचं स्लोचं दुबळेपण मान्य करून त्याला सवलत दिली. पाठीवरच्या पंपाला मात्र कुणी रस्त्यावर अडवून तपासत नाही. त्याचा धूर फवारणाऱ्याच्या मानेमागून हातभर अंतरावर सुटतो. तिथे तपासणारा एकच: तो चालवणारा माणूस.

म्हणून हंगाम सुरू होण्याआधी मशीन खोलाल, तेव्हा स्लो स्क्रूला शेवटी हात लावा. आधी सील आणि पॅकिंग तपासा, जेट धुवा, प्लग पाहा, ऑइल मापाने घाला. मग स्क्रू इतकाच फिरवा, की इंजिन चालू राहील आणि रेस सोडल्यावर पातं थांबेल.