गादीची निगा

मराठींत ‘गादी’ हा शब्द राजसिंहासनास लागतो, सावकाराच्या बैठकीस लागतो आणि रोजच्या अंथरुणासही लागतो. पहिल्या दोहोंची व्यवस्था राखण्यास कारभारी व मुनीम असत. तिसरीच्या वांट्यास मात्र उपेक्षाच येते. वर धुतलेली चादर घातली कीं खालीं काय सांचलें आहे ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

माझगांवासारख्या बंदरकांठच्या वस्तींत ही उपेक्षा महाग पडते. कापसाच्या तंतूस पाण्याची स्वाभाविक ओढ असते. बेताच्या दमट हवेंतही तो आपल्या वजनाच्या शेंकडा ७-८ इतकें पाणी धरून ठेवतो. पावसाळ्यांत हें प्रमाण पुष्कळ वाढतें. जून ते सप्टेंबरपर्यंत मुंबईंत सुमारें २००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यांत निजणाराचा घाम मिसळतो. ओले तंतु अंगाच्या भारानें दडपले जाऊन एकमेकांस चिकटतात, आणि मग गादींत गांठी होतात.

गांठींनीं पाठ दुखते एवढेंच असतें तर चिंता नव्हती. परंतु अशा दमट गादींत डोळ्यांस न दिसणारे, सुमारें ०.३ मिलिमीटर लांबीचे धुळींतील कोळीवर्गीय किडे वाढतात. माणसाच्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा हें त्यांचें अन्न. ते पाणी पीत नाहींत. हवेंतील ओलावा शोषून जगतात. ते चावत नाहींत. पण त्यांच्या विष्ठेचे कण श्वासावाटे आंत गेल्यानें कित्येक मुलांस शिंका व दमा जडतो. हा संबंध हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकांत स्पष्ट केला. ज्या घरांतील मूल पहांटे खोकत उठतें, तेथें औषधाच्या बाटलीबरोबरच गादीकडेही पाहावें.

उपाय ओलावा काढण्याचा आहे. उठतांक्षणीं गादी गुंडाळून थप्पीस लावण्याची चाळींतील रीत जागेच्या अडचणीमुळें पडली खरी, पण तिनें रात्रीचा दमटपणा आंतच कोंडला जातो. निदान अर्धा तास तरी गादी उघडी ठेवावी. खोली मोकळी हवी असेल तर गॅलरीच्या कठड्यावर टाकावी. जमिनीवर अंथरतांना खालीं चटई घालावी. पावसाळ्यांत उघाड मिळेल तेव्हां, आणि ऑक्टोबरपासून पुढें पंधरवड्यांतून एकदां, अकरा ते तीन ह्या वेळांत दोन्ही बाजूंस ऊन द्यावें व वेताच्या छडीनें झोडावी. दमेकऱ्यानें हें काम करूं नये. सायंकाळपर्यंत ती बाहेर राहूं देणें म्हणजे वाळविलेला कापूस पुन्हां समुद्राच्या हवेंत भिजविणें होय. खोळी व अभ्रे कढत, म्हणजे ६० अंशांच्या, पाण्यांत धुतल्यास हे किडे मरतात. लहान मुलाच्या अंथरुणांत मेणकापड घालावें.

उन्हानें ढेकूणही जातात, ही समजूत मात्र अर्धवट खरी आहे. ५० अंशांहून अधिक उष्णता सर्व भागांत पोंचली तर ढेकूण व त्यांचीं अंडीं मरतात; पण उन्हांतल्या गादीचें पोट तितकें तापत नाहीं, आणि ढेकूण सांवलीच्या शिवणींत सरकतात. शिवाय त्यांचें खरें ठाणें खाटेच्या सांध्यांत व भिंतीच्या फटींत असतें. तेथें उकळतें पाणी ओतण्याची जुन्या बायकांची पद्धति शास्त्रास धरूनच होती. डी. डी. टी. वर मात्र भरंवसा ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्यास न जुमानणारे ढेकूण हवाई बेटांत १९४७ सालींच आढळले होते. १८९६ सालीं मांडवीस प्लेग उघडकीस आला, तेव्हां मुंबईंत रोग्यांचीं अंथरुणें जाळण्यांत आलीं; रोग उंदरांच्या पिसवा पसरवितात हें पोल सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस दाखविलें. ढेकणांच्या त्राग्यानें गादी फेंकून खाट तशीच ठेवणारीं घरें आजही त्याच वाटेनें जातात.

फोमच्या गादीस हे नियम लावूं नयेत. कडक उन्हानें ती पिंवळी पडून भुगा होते. तिला सांवलींत वारा द्यावा, दुमडूं नये, आणि दोन-तीन महिन्यांनीं डोक्याकडची बाजू पायांकडे करावी.

कापसाच्या गादीस मात्र दोन-तीन वर्षांनीं पिंजण हवेंच. तांतीचा तुणतुण आवाज करीत दारोदार फिरणारा पिंजारी आतां क्वचितच दिसतो; बहुधा दुकानांतील यंत्रावरच काम होतें. कापूस देतांना व घेतांना वजन करावें. धूळ व तुटके तंतु गेल्यानें थोडी घट येतेच. वजन उलट वाढलें तर दुसऱ्याचा जुना कापूस मिसळला असें समजावें. पिंजतांना मुलांना दूर ठेवावें आणि पिंजणारानें नाकातोंडास फडकें बांधावें. कापसाच्या धुळीनें गिरणीकामगारांस छातीचा विकार होत असे. नवें गादीपाट घट्ट विणीचें घ्यावें. भरल्यावर आरपार टाके घालावे लागतात, नाहीं तर कापूस एका कडेस सरकतो; परंतु ते फार आवळल्यास टाक्याभोंवतीं खळगे पडून गांठी होण्यास तेथूनच आरंभ होतो.