दुकानात मिळणारी नशा
व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन. यांतल्या टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूत पोचते. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय अहवालानुसार १० ते १७ वयोगटात अशी वाफ हुंगणाऱ्यांचं प्रमाण १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८. मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत असं हे एकच व्यसन. स्वस्त आहे, भूकही मारतं. फलाटावरच्या पोराला आणखी काय हवं? पहिल्याच वेळीही हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. नशेत असताना दचकणं, पळणं जास्तच घातक. म्हणून नशेतल्या मुलाच्या मागे धावू नये, दरडावू नये. मोकळ्या हवेत शांत बसवावं. शुद्ध हरपली तर १०८ला फोन करावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मुलांसाठी १०९८.