चांगला ट्रेनर आधी विचारतो, मग वजन उचलायला लावतो

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ‘पर्सनल ट्रेनर’ हा शब्द आपल्या वस्त्यांत फारसा कुणी वापरत नव्हतं. तालमीत वस्ताद असायचा. व्यायामशाळेत एखादा जुना पैलवान जोर-बैठका मोजून घ्यायचा. समता सैनिक दलाच्या कवायतीत थोरला सैनिक चालीची शिस्त लावायचा. आता नाक्यानाक्यावर जिम आहे आणि महिन्याच्या फीवर वेगळे पैसे भरले की ‘पर्सनल’ मिळतो. हे पैसे भरणारे कोण? पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या भगिनी, आणि ‘शुगर आहे, व्यायाम करा’ एवढंच ऐकून दवाखान्यातून बाहेर पडलेली चाळिशी-पन्नाशीतली माणसं. बहुतेकांचे पैसे घामाचे असतात, ओव्हरटाइमचे असतात.

रविवारी बुद्धविहारात आम्ही रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो, तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास येतो : ‘ताई, ट्रेनर लावलाय, पण तो बरोबर सांगतो की नाही हे कसं कळायचं?’ प्रश्न रास्त आहे. परिचारिका व्हायचं तर शिक्षण, परीक्षा आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. ट्रेनरसाठी कायद्याने सक्तीची अशी नोंदणी नाही. दंड फुगलेले असले आणि अंगात जिमचा टी-शर्ट असला की झाला ट्रेनर. म्हणून पारख आपल्यालाच करावी लागते. गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे तथागतांनी कालामांना सांगितलं होतं. जिममध्येही तेच करायचं आहे.

पहिला दिवस प्रश्नांचा

चांगल्या ट्रेनरची पहिली खूण अशी की पहिल्या दिवशी तो वजन कमी उचलायला लावतो आणि प्रश्न जास्त विचारतो. हृदयाचा त्रास, रक्तदाब आहे का? छातीत दुखतं का? चक्कर येऊन पडलात का कधी? गोळ्या कुठल्या चालू आहेत? सांध्याचं, हाडाचं दुखणं आहे का? जगभर ट्रेनर यासाठी सात प्रश्नांचा एक साधा अर्ज वापरतात. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर आणखी चौकशी होते आणि गरज पडली तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

आम्ही यात आणखी काही प्रश्न घालतो. बाईला विचारायला हवं की बाळंतपण कधी झालं, सिझेरियन होतं का, हिमोग्लोबिन किती आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. जिला जिना चढताना धाप लागते तिला ‘आळशी’ म्हणून दहा मिनिटं जास्त पळवलं तर रक्त वाढत नाही, ती फक्त जिम सोडते.

आणि प्रत्येकाला विचारायला हवं की दिवसभर काम काय करता. पहाटेपासून झाडू मारणाऱ्या सफाई कामगार ताईची पाठ आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाबूची पाठ एकसारखी नसते. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला आणखी पन्नास उठाबशा देणारा ट्रेनर तिच्या गुडघ्यांचा वैरी आहे. तिला आधी कंबर न वाकवता ओझं कसं उचलायचं ते शिकवावं, मांड्यांना बळ देणारा हलका व्यायाम द्यावा. तिच्यासाठी तोच खरा व्यायाम.

सिकलसेल : आपल्या भागाचा प्रश्न

एक प्रश्न विदर्भातल्या प्रत्येक ट्रेनरने विचारलाच पाहिजे : ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे का?’ आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये या आजाराचं प्रमाण जास्त आहे. दोन्ही पालकांकडून दोष आला तर माणूस ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, एकाकडूनच आला तर ‘एएस’ म्हणजे वाहक. एसएस रुग्णाने व्यायाम करायचाच नाही असं नाही, पण तो डॉक्टरांना विचारून आणि बेताचाच. पाणी कमी पडणं, थंडी आणि अतिश्रम यांनी त्याला वेदनेचा झटका येऊ शकतो.

वाहक माणूस चारचौघांसारखं आयुष्य जगतो, खेळतो, धावतो. त्याला कुणी ‘आजारी’ ठरवू नये. पण सवय नसताना, उन्हात, पाणी न पिता, मध्ये न थांबता एकदम जीव तोडून मेहनत केली तर वाहकाच्या रक्तपेशीही विळ्याच्या आकाराच्या होऊ शकतात. स्नायूंना रक्त पोचत नाही आणि क्वचित जीवही जातो. अमेरिकेत कॉलेज खेळाडूंचे असे मृत्यू झाल्यावर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज संघांत ही तपासणी आणली गेली. आपल्याकडे मात्र मे महिन्याच्या नागपुरी उन्हात भरतीच्या १६०० मीटरसाठी पोरं पळत असतात आणि शिट्टी वाजवणाऱ्याला सिकलसेल हा शब्दही माहीत नसतो.

चांगला ट्रेनर वाहकाला हाकलत नाही. तो मेहनत आठवड्या-आठवड्याने वाढवतो, दोन फेऱ्यांमध्ये पुरेसा दम घेऊ देतो, पाणी पाजतो, दुपारचं ऊन टाळतो, ताप असेल तर सुटी देतो. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा कडक होतो. सिकलसेलच्या त्रासात पाय दुखतात आणि गळून जातात, पण स्नायू तसा कडक लागत नाही. अशा वेळी ‘नाटक करू नको, ऊठ’ म्हणणारा ट्रेनर धोकादायक. लगेच थांबवायचं, सावलीत न्यायचं, पाणी द्यायचं आणि बरं वाटत नसेल तर दवाखाना गाठायचा. तिथे गेल्यावर ‘एएस आहे’ हे आधी सांगायचं.

तपासणी सरकारी दवाखान्यात होते. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू केली आहे. ट्रेनरने मात्र हा प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारू नये. या एका शब्दावरून आपल्याकडे लग्नं मोडतात. बाजूला घेऊन विचारावं आणि उत्तर आपल्यापाशीच ठेवावं.

वीणेची तार

बुद्धवंदनेत आपण तथागतांना ‘पुरिसदम्मसारथि’ म्हणतो, म्हणजे माणसांना वळण लावणारा सारथी. ते वळण कसं लावायचे, हे सोण थेरांच्या कथेत दिसतं. श्रीमंत घरचा, नाजूक पायांचा सोण भिक्खू झाला आणि चालून चालून त्याने पायांतून रक्त काढलं, तरी मन स्थिर होईना. तथागत त्याला रागावले नाहीत. घरी असताना तू वीणा वाजवायचास ना, असं त्यांनी विचारलं. तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? उत्तर सोणाकडेच होतं.

व्यायामाचंही असंच आहे. मध्यम व्यायामाची सोपी खूण म्हणजे बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं असा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. ही मिनिटं एका दिवसात उरकायची नसतात. पहिल्याच दिवशी पायऱ्या उतरता येऊ नयेत इतकं दमवणं हे ट्रेनरचं कौशल्य नव्हे. अति मेहनतीनंतर स्नायू सुजले, खूप दुखू लागले आणि लघवी काळपट चहासारखी झाली तर तडक दवाखाना गाठावा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आल्याची ती खूण असू शकते.

मधुमेहाच्या माणसाला ट्रेनरने जेवण आणि इन्सुलिन-गोळ्यांची वेळ विचारावी. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि साखर ९० च्या खाली असेल, तर आधी काही खायला सांगावं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर ताबडतोब साखर द्यावी. पायांत नीट बूट आहेत का, जखम आहे का, हे पाहावं. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, म्हणून हा आजार आपल्या घरांना नावानिशी ठाऊक आहे, पण पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष अजून चालूच आहे. रक्तदाबाच्या माणसाने वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, आणि बसल्या जागी रक्तदाब १८०/११० च्या घरात असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टर.

डबा आणि सुई

ट्रेनर पहिल्या आठवड्यातच पावडरचा डबा पुढे करत असेल तर थांबा. डब्यावर त्याला कमिशन मिळतं का, हे सरळ विचारा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळायला सांगितलं आहे. सर्वसाधारण माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. जास्त मेहनत करणाऱ्याला थोडी जास्त. एका अंड्यात सहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम चण्यांत दहाच्या आसपास, तेवढ्याच सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या आसपास. डाळ, मटकी, शेंगदाणे, सुकट, मासे, मटण आहेच. चांगला ट्रेनर तुमच्या ताटाला नाक मुरडत नाही. घरात काय शिजतं हे विचारून त्यातूनच हिशोब बसवून देतो.

सुईचा विषय त्याहून गंभीर आहे. मेफेंटरमिन नावाचं इंजेक्शन आम्हा परिचारिकांना ऑपरेशन थिएटरमधून माहीत आहे. पाठीत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी ते असतं, आणि तेव्हाही शेजारी भूलतज्ज्ञ आणि मॉनिटर असतो. तेच इंजेक्शन ‘थकवा येत नाही’ म्हणून काही जिमच्या मागच्या खोलीत टोचलं जातं. छातीची धडधड, वाढलेला रक्तदाब, उडालेली झोप, संशयी-भ्रमिष्ट वागणं आणि व्यसन, हे त्याचं देणं. एका शिबिरात बावीस वर्षांच्या मुलाचा रक्तदाब आम्ही तीनदा मोजला, कारण आकड्यावर विश्वास बसेना. खोदून विचारल्यावर त्याने इंजेक्शनचं नाव घेतलं. आईला वाटत होतं, पोरगं दारूपासून दूर आहे, जिमला जातं.

शरीर फुगवणाऱ्या स्टेरॉइडची गोष्ट वेगळी नाही. वृषणं आकसणं, मूल न होणं, पुरुषांना स्तन वाढणं, यकृत आणि हृदयाला इजा, मुलींच्या आवाजात आणि चेहऱ्यावरच्या केसांत कायमचा बदल. एकच सुई किंवा बाटली दोघांत वापरली तर एचआयव्ही आणि कावीळ बी, सी यांचा धोका वर. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सुई हातात घेणारा ट्रेनर हा ट्रेनरच नव्हे. पंचशीलातलं पाचवं शील फक्त दारूपुरतं नाही, हे पालकांनीही लक्षात घ्यावं.

माणूस म्हणून वागणूक

शरीर शिकवायचं तर कधी हात लावावा लागतो. चांगला ट्रेनर आधी विचारून हात लावतो, आणि ‘नको’ म्हटलं तर तोंडी सांगून किंवा स्वतः करून दाखवतो. जाडेपणावरून, रंगावरून चेष्टा करत नाही. आडनाव ऐकून सूर बदलत नाही. परवानगीशिवाय ‘आधीचा-नंतरचा’ फोटो मोबाइलवर फिरवत नाही. अपमान गिळून कमावलेलं शरीर आपल्याला नको.

कागदही तपासा. फिटनेसचं प्रशिक्षण कुठून, किती दिवसांचं? राष्ट्रीय कौशल्य योजनेत फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे, काही आंतरराष्ट्रीय संस्थांच्या परीक्षाही आहेत. भिंतीवरचा स्पर्धेतला चषक म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. कुणी कोसळलं तर छाती दाबून जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलं आहे का, हे विचाराच. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं असतं आणि कुणीतरी लगेच १०८ ला फोन करायचा असतो. हे न येणाऱ्याच्या हाती हृदयाचा रुग्ण देऊ नये. वर्षाची फी एकदम भरू नका. महिन्याची भरा, पावती घ्या.

आपल्या वस्तीतली कितीतरी मुलं आज ट्रेनर म्हणून पोट भरतात. हा लेख त्यांच्या विरोधात नाही, त्यांच्यासाठीही आहे. ‘हे मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून या’ असं म्हणायला लाजू नका. आपल्या ज्ञानाची हद्द ओळखणं हीच विद्येची खूण आहे.

परवडत नसेल तर

एकटीला पर्सनल ट्रेनर परवडत नाही, दहा जणींना मिळून परवडतो. बहुतेक विहारांचा हॉल संध्याकाळी तासभर तरी रिकामा असतो. दहा जणींनी वर्गणी काढावी, वस्तीतल्याच शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला आठवड्यातून तीन दिवस बोलवावं. साधनं म्हणाल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून मारलेले जोर, पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या आणि चालायला मैदान. सुरुवातीला प्रत्येकीचा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून वहीत लिहून ठेवावं. तपासणीला आम्ही येऊ.

मग तीन महिन्यांनी एक गोष्ट पाहावी. ट्रेनर गावाला गेला असेल, तरी त्या दहा जणी ठरल्या वेळी विहारात जमल्या, आपापल्या चुका एकमेकींना दाखवत व्यायाम केला आणि घरी गेल्या, तर समजावं की ट्रेनर चांगला होता.

जयभीम.