मुद्दाम कच्चे ठेवलेले अ‍ॅप

बारामती आणि इंदापूरच्या कॉलेजांतून अ‍ॅप लिहायला शिकणारी मुले थोडी नाहीत. पण लिहिलेले अ‍ॅप कुठे फुटते ते तपासायचा विषय निघाला की ‘हे हॅकिंग, पोलिसांची भानगड’ असा शेरा मिळतो. कायदा असे सरसकट म्हणत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधले कलम ४३ बोट ठेवते ते मालकाच्या परवानगीवर; तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग मालकानेच ‘फोडा’ म्हणून दिलेले अ‍ॅप स्वतःच्या यंत्रावर फोडण्यात गुन्हा कुठला? असे अ‍ॅप शोधायला फार लांब जायला नको. पुण्याच्या पायाटू कंपनीचे असीम जाखर यांनी सुमारे दहा वर्षांपूर्वी ‘दिवा’ हे अँड्रॉइड अ‍ॅप मुद्दाम कच्चे लिहून, कोडसकट फुकट खुले केले.

दुसरा समज असा की, अ‍ॅप तपासायला शिकण्यासाठी पुण्याचा महागडा क्लास आणि त्याहून महागडी सामग्री लागते. ‘दिवा’चे १३ धडे पाहिले की हा समज टिकत नाही. पहिल्या धड्यात कार्ड क्रमांक टाकायचा. अ‍ॅप ‘चूक झाली’ म्हणते आणि तोच क्रमांक लॉगमध्ये, म्हणजे फोनच्या कामकाजाच्या नोंदीत, उघडावाघडा लिहून ठेवते. लॉग दाखवणारे लॉगकॅट लावले की तो समोर दिसतो. दुसऱ्यात गुप्त किल्ली थेट कोडमध्येच लिहिलेली आहे. जॅडएक्स या फुकट साधनाने एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, उघडली की ती वाचता येते. सातव्यात शोधाच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह आणि कायम खरी ठरणारी अट टाकली, की एकाचे नाव विचारले असताना सगळ्यांच्या नोंदी बाहेर पडतात. नवव्यात तर बटणाला हातही न लावता संगणकावरून फोन हाताळणाऱ्या एडीबीच्या एका आदेशाने गुप्त माहितीचा पडदा उघडतो. यातले काहीही पुस्तकात वाचून ‘कळले’ असे वाटते, पण उद्या ऊसनोंदीचे किंवा दूधसंकलनाचे अ‍ॅप लिहिताना तीच चूक बोटांतून उतरते. आपल्या हाताने एकदा दुसऱ्याची नोंद बाहेर काढली की चौकटीत काय काय येऊ शकते याचा विचार आधी होतो. लागतो तो एक बरा संगणक आणि त्यावर फोनची नक्कल करणारा एमुलेटर. यूपीआय असलेल्या रोजच्या फोनवर मात्र हे अ‍ॅप टाकू नये.

यावर एक रास्त आक्षेप आहे: दहा वर्षांपूर्वीचे खेळणे आजच्या अँड्रॉइडवर काय शिकवणार? अँड्रॉइड कडक झाले हे खरे. एका अ‍ॅपला दुसऱ्याचे लॉग वाचू न देण्याची व्यवस्था तर ४.१ या आवृत्तीपासूनच आहे. पण लिहिणाऱ्याचा आळस अँड्रॉइड कसा दुरुस्त करणार? ओवास्प या जागतिक संस्थेच्या २०२४ च्या मोबाइल धोक्यांच्या यादीत पहिला क्रमांक पासवर्ड आणि किल्ल्यांच्या चुकीच्या हाताळणीचा आहे. कोडमध्ये किल्ली लिहून ठेवणे त्यातच मोडते, म्हणजे ‘दिवा’चा दुसरा धडा.

‘अशाने चोरच तयार होतील’ हा आक्षेप त्याहून कमकुवत वाटतो. पीएम किसानच्या किंवा आरटीओ चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके पाठवणारे भामटे कुठलेच अ‍ॅप फोडत नाहीत. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतात, समोरचा ती देतो आणि ओटीपी निघून जातो. उलट एपीके उघडून मागितलेल्या परवानग्यांची यादी वाचता येणारा एखादा मुलगा गावात असेल, तर ही फसवणूक पैसे जाण्याआधी ओळखू येते.

‘दिवा’ची खरी मर्यादा वेगळीच आहे. तो सगळा फोनच्या आतला खेळ आहे. सर्व्हरवर कोणाला काय पाहू द्यायचे याचे धडे त्यात नाहीत. त्यासाठी दिनेश शेट्टी यांचे ‘इनसिक्युअर बँक’ घ्यावे, त्यात सर्व्हरही सोबत येतो. आणि १३ धडे संपले म्हणून बँकेचे किंवा कारखान्याचे चालू अ‍ॅप चाचपून पाहू नये. तिथे पुन्हा कलम ४३ लागू होते. सहज वापरताना दोष दिसलाच, तर तो सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेला कळवता येतो.